आत-बाहेर लख्ख

मालवण,
९ नोव्हेंबर १९८७

चि. गुरुदास भावजींस, वहिनीचे आशीर्वाद आणि त्याखाली थोडी कुरकूर.

दिवाळीला तुम्ही आलात, पोटभर जेवलात आणि हात धुवायला म्हणून परसात गेलात ते लवकर परतलाच नाहीत. मला वाटलं, ओरोसच्या मेसची सवय लागल्यामुळे घरचं मानवलं नाही. तेवढ्यात जानकी हसत हसत आत आली आणि म्हणाली, भावजी मोरीकडे उकिडवे बसून पाण्याचा पिंप हुंगतायत. जाताना तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमचा चेहरा बोलत होता. ज्या घरात तुमच्या काकीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हाताखाली शाळेची वर्षं काढलीत, त्याच घरात तुम्हाला आता जंतू दिसायला लागले.

आरोग्य खात्यात निरीक्षक झालात याचा मला अभिमान आहे, हे आधी सांगते. बंदरावर कुणी विचारलं तर मी मुद्दाम मोठ्याने सांगते. पण तुमच्या दादांचं जहाज आज या बंदरात तर उद्या त्या, आणि सासूबाई गेल्यापासून ही खानावळ मी एकटीने ओढतेय. उद्या तुमच्यासारखाच कुणी साहेब येऊन दाराला कुलूप लावून गेला तर मी काय करू? म्हणून विचारते. जे डोळ्यांनी बघितलंत ते आता लिहून कळवा. घरचा वैद्य असताना बाहेरच्याकडून दुखणं कशाला ऐकायचं?

जानकी म्हणजे कोण, ते त्या गडबडीत सांगायचं राहिलं. ती तोंडवलीची. तिचा नवरा गणपत माडावरून पडला आणि त्याची कंबर गेली. तो आता ओटीवर बसून जाळी विणतो, तेवढंच. घर तिच्यावर चालतं. रोज तरीतून खाडी ओलांडून येते, भांडी घासते, नारळ खवते. कामाला वाघीण आहे आणि बोलायला गाय. ती आल्यापासून माझी पाठ दुखायची थांबली.

पत्राची वाट बघते. मुलगी बघायला सुरुवात केली आहे, जंतू नसलेली.

तुमची
रुक्मिणी वहिनी

---

ओरोस,
२० नोव्हेंबर १९८७

ती. रुक्मिणी वहिनीस, पिंप हुंगणाऱ्या दिराचा नमस्कार.

तुमचं पत्र खोलीतल्या सोबत्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून सगळे मला 'जंतू' म्हणतात. पण तुम्ही विचारलंच आहे तर मी लाज न ठेवता लिहितो. वहिनी, तुमच्या हाताला जी चव आहे ती जिल्ह्यात नाही. पण चव वेगळी आणि स्वच्छता वेगळी, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं.

पिंपाला झाकण हवं आणि पाणी काढायला दांड्याचं ओगराळं हवं. सगळेजण तांब्यासकट हात बुडवतात, ते बंद करा. ज्या फडक्याने टेबल पुसता त्याच फडक्याने ताटं पुसू नका. मोरीजवळ साबण दोरीला बांधून टांगा. परसाकडून आल्यावर आणि मासळी कापल्यावर हात साबणानेच धुवायचे, नुसत्या पाण्याने नाहीत. ज्याला हगवण लागली असेल किंवा हाताला गळू झालं असेल त्याने बरं होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. चिरलेली मासळी उघडी ठेवू नका, माशा बसतात.

आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. काकी ज्या मडक्यात सोलकढी करायची ते मडकं काढून टाका. माती सगळं शोषते. मी वास घेऊन बघितला, त्याला कितीतरी वर्षांच्या लसणीचा वास येतो. त्यात काय काय मुरलं असेल देव जाणे. कढी धातूच्या भांड्यात करा आणि झाकून ठेवा.

आणि भांडी. तुमची भांडी बाहेरून चांगली असतात, पण आतल्या कडांना हात लागलेला नसतो. भांडं आत-बाहेर असं लख्ख घासायचं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. मग वरून उकळतं पाणी ओतायचं. हे जानकीला नीट समजावून सांगा, कारण शेवटी सगळं घासणाऱ्याच्या हातात असतं.

रागावू नका. मुलीचं नंतर बघू.

तुमचा
गुरुदास

---

मालवण,
६ डिसेंबर १९८७

चि. भावजींस आशीर्वाद. कुरकूर या वेळी नाही.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून वाचलं. मासळी कापणारी हौसाबाई म्हणाली, इतकी वर्षं लोक काय मरत होते काय? पण दुसऱ्या दिवशी तिनेच साबणाला दोरी बांधली. पिंपाला झाकण आलं, ओगराळं आलं. टेबलाचं फडकं लाल आणि ताटाचं पांढरं, म्हणजे चूक व्हायला नको.

जानकीने ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा समजून घेतलं. मग भाताच्या पेजेने मोरीवरच्या भिंतीला चिकटवलं. येता-जाता त्याच्याकडे बघते, देवाच्या तसबिरीकडे बघावं तसं. भांड्यांचं तर तिने व्रतच घेतलंय. तोंडवलीच्या किनाऱ्यावरची बारीक रेती पदरात बांधून आणते आणि नारळाच्या सोडणाच्या काथ्याने घासत बसते. तिच्या बोटांना भेगा पडल्या, मी खोबरेल लावायला दिलं.

मडक्याचं ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सासूबाईंची आठवण होती. फोडायला हात होईना. जानकीने विचारलं, मी घराक न्हेव काय, पाण्याक होईत. दिलं तिला. आता कढी पितळेच्या मोठ्या टोपात करते. पूर्वी त्यात नुसता भात व्हायचा, आता भाताला ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. रात्री सोलं भिजत घालायची, सकाळी नारळाचं दूध घालायचं, वर झाकण. परवा जानकी तो टोप उचलून मला दाखवायला घेऊन आली. आत-बाहेर सोन्यासारखा पिवळाधमक. मी म्हटलं, जानकी, आता भावजी आले तर त्यांना यात स्वतःचं तोंड दिसेल आणि ते घाबरतील. ती अशी हसली की मला बरं वाटलं.

एकंदरीत तुमचं सरकार आमच्या घरात सुखाने नांदतंय.

रुक्मिणी वहिनी

---

ओरोस,
१५ डिसेंबर १९८७

ती. वहिनीस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की ते मी आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, गुरुदास, दहा हॉटेलांना नोटिसा देऊन जे होत नाही ते तू एका पत्राने केलंस. मी दोन दिवस हवेत होतो.

जानेवारीत मालवणला शिक्षकांचं शिबिर आहे. त्यांच्या मुख्याध्यापकांनी जेवणाचं विचारलं, तेव्हा मी तुमच्या खानावळीचं नाव दिलं. सांगितलं, माझी वहिनी आहे म्हणून नाही, जाऊन भांडी बघा. जानकीबाईंना माझी शाबासकी सांगा. आता माझी अब्रू तुमच्या टोपात आहे.

तुमचा
गुरुदास

---

मालवण,
८ जानेवारी १९८८

चि. भावजी,

आशीर्वाद लिहायचंही सुचत नाहीये. काल शिबिरातले शिक्षक जेवायला बसले आणि पानं उठायच्या आतच एकेकाला मळमळायला लागलं. कुणी परसात धावले, कुणी वाटेतच. पोटात पिळवटतंय म्हणून एकदोघे ओसरीवर आडवे झाले. रिक्षा करून सगळ्यांना डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले, देवाची कृपा. पण तोपर्यंत बातमी बंदरापर्यंत गेली होती.

सुरमई सकाळी होडीतून उतरलेली, माझ्यासमोर कापलेली. तरी म्हणाल मासळी, तर ज्यांना काळ्या वाटाण्याची आमटी वाढली होती तेही ओकले. एक हरिश्चंद्र गुरुजी तेवढे सुरमईचे दोन तुकडे खाऊन धडधाकट. घसा बसलाय म्हणून आंबट नको म्हणाले होते, आणि बाकीचे लोळत असताना पाणी देत फिरत होते. नजर लागली असं हौसाबाई म्हणते. मी नारळ उतरवून टाकला, पण माझा त्यावर विश्वास नाही आणि तुमचाही नसणार.

आज जेवायला कुणी आलं नाही. नेहमीचे पोस्टातले लोकसुद्धा समोरून मान खाली घालून गेले. जानकी सगळं पुन्हा घासत बसली आहे. तुम्ही या.

रुक्मिणी

---

ओरोस,
११ जानेवारी १९८८

ती. वहिनीस,

मला येता येणार नाही. घरचा माणूस तपासणीला आला तर लोक म्हणतील दडपायला आला. दुसरे साहेब येतील, त्यांना सगळं दाखवा. इथे मुख्याध्यापकांचा फोन आला होता. मी काय ऐकलं ते लिहीत नाही.

तुम्ही सांगितलं त्यावरून मला एकच दिसतं. पाणी झाकलेलं आहे, मासळी ताजी, भांडी लख्ख. मग राहिले हात. अशा वेळी बहुतेक कुणाच्या तरी हातून अन्नात जंतू जातात. स्वयंपाकघरात नवीन कोण? जानकी. तिच्या बोटांना भेगा आहेत, हे तुम्हीच कळवलंत. त्या चिघळल्या असतील. ती नारळही खवते. तिला पत्र मिळताच कामावरून दूर करा आणि तपासणीला येतील त्यांना तसं सांगा. यात कठोर होण्याची गरज आहे, वहिनी. एका माणसापायी खानावळ बुडवू नका.

गुरुदास

---

मालवण,
१७ जानेवारी १९८८

चि. भावजींस आशीर्वाद.

तुम्ही सांगितलं तसं केलं. संक्रांतीच्या दिवशी केलं, हे मला आयुष्यभर टोचेल. तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने कारण विचारलं नाही. भिंतीवरच्या तुमच्या पत्राकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तुमी सांगलास तसाच केलंय, वैनी." मग हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत, आणि गेली.

ती जाण्याआधी मी तिचे हात बघितले. भेगा होत्या, पण कोरड्या. पू नाही, लाली नाही. हे तुम्हाला कळवते कारण तुम्ही 'चिघळल्या असतील' असं लिहिलं होतं.

तुमचे साहेब आले. चांगला माणूस. सगळीकडे फिरले, पाणी बाटलीत भरून नेलं आणि म्हणाले, एवढं स्वच्छ स्वयंपाकघर मी तालुक्यात पाहिलं नाही. मी सांगितलं, होती ती बाई काढून टाकली. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर पोस्टातले लोक जेवायला आले. म्हणजे खानावळ वाचली म्हणायची. मी त्यांना कढी केली नाही, नारळ खवायला कुणी नव्हतं. कुणाला काही झालं नाही.

पण काल तरीवाला धोंडू सांगत होता. तोंडवलीत सगळीकडे झालंय की जानकीच्या हाताने माणसं ओकली. वाडीत लग्न आहे, तिथे भांड्यांनासुद्धा तिला बोलावलं नाही. सुकी मासळी निवडायला जायची, तिथेही नको म्हणाले. गणपत ओटीवर बसतो तोही आता आत बसतो म्हणे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आणि ते तोंड उघडलं कुणी, तर आपण.

भावजी, माझं मन मला खातंय. तुमचं काय ते बघा.

रुक्मिणी

---

ओरोस,
२३ जानेवारी १९८८

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र पुढे वाचण्याआधी उठा आणि तो पितळेचा टोप उजेडात नेऊन आत बघा. मग वाचा.

तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एकच विचारलं, किती वेळाने ओकले? मी म्हटलं, पानावरच. ते म्हणाले, हातातल्या जंतूंना पोटात जाऊन घर करायला काही तास तरी लागतात, पानावर बसल्या बसल्या ते काही करत नाहीत. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत, वहिनी. मग त्यांनी विचारलं, ज्याला काही झालं नाही त्याने काय खाल्लं नाही? तेव्हा तुमचे हरिश्चंद्र गुरुजी आठवले. आंबट नको म्हणाले होते. म्हणजे कढी. मग डॉक्टरांनी विचारलं, कढी कशात होती?

तुमचं डिसेंबरचं पत्र मी काढून वाचलं. 'आत-बाहेर सोन्यासारखा पिवळाधमक.' पितळेचा टोप बाहेरून पिवळा असतो. आतून कल्हईने पांढरा असायला हवा. रेतीने घासून घासून कल्हई निघाली, आणि त्या उघड्या पितळेत रात्रभर सोलं भिजली. आंबटाने पितळ उतरलं. रोजच्या थोड्या सोलांनी थोडंच उतरायचं, ते कुणाला बाधलं नाही; शिबिरासाठी टोपभर सोलं दाट भिजवली असतील. कळकलेली चव एरवी कळते, पण सोलं, लसूण, मिरची यांच्यात ती लपली, आणि लाल रंगात हिरवट काही दिसलं नाही.

तुमचं ते वाक्य वाचून मी आनंदाने उड्या मारल्या होत्या. साहेबांना दाखवलं होतं. मडकं काढा, मीच लिहिलं. धातूच्या भांड्यात करा, कुठल्या ते लिहिलं नाही. आत तोंड दिसेपर्यंत घासा, तेही मीच लिहिलं. त्या बाईने माझा शब्द न् शब्द पाळला, आणि नंतर तिलाच काढा असंही मीच लिहिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण. मला फार लाज वाटते.

गुरुदास

---

मालवण,
३१ जानेवारी १९८८

चि. भावजींस आशीर्वाद.

टोप बघितला. तळाला कुठे कुठे पांढरे डाग उरलेत, बाकी सगळा पिवळा. गणपतीच्या आधी कल्हई केली होती, तेव्हा वर्षाची चिंता मिटली या भरवशावर मी होते. चुलीपाशी माझा जन्म गेला. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट घालू नये हे मला शाळेत शिकवावं लागलं नव्हतं. जानकी टोप घेऊन समोर उभी राहिली, मी त्याच्यात बघून थट्टा केली, आणि मला दिसलं नाही. तेव्हा सगळी लाज तुम्हीच घेऊ नका, थोडी इकडेही ठेवा.

त्याच दिवशी तरीने तोंडवलीला गेले. जानकी अंगणात पाणी भरत होती. सासूबाईंचं मडकं तिच्या ओटीवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. गणपतने आत बोलावलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी त्यांना टोपाचं सगळं सांगितलं. वाडीतल्या दोन बायका कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं. म्हटलं, हात चांगलेच होते, डोळे आमचे वाईट होते. चल माझ्याबरोबर.

मला वाटलं ती रडेल, किंवा लगेच पदर खोचून निघेल. तिने तसं काही केलं नाही. मडक्यावरचं फडकं पुन्हा ओलं केलं, मग माझ्यासमोर बसली. मालवणात इतके दिवस आली पण माझ्यासमोर ती कधी बसली नव्हती.

"वैनी, चूक जाता माणसाच्या हातसून," ती म्हणाली. "माका त्याचा काय नाय. पण तुमी हयसून लिवलास, भावजींनी थयसून लिवल्यानी, आणि माजा काय करूचा ता दोगांनी ठरवलास. मी मोरीकडेच हुतंय. माका कोणी इचारूक नाय."

मी मग विचारलं, विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? ती म्हणाली, टोप आतून पिवळा झाला तेव्हापासून कढीला वेगळा वास यायचा. तिला वाटायचं, मडक्याची सवय असल्यामुळे आपल्यालाच तसं वाटतं. पत्रात लिहिलेलं चुकीचं कसं असेल? म्हणून बोलली नाही.

निघताना येतेस का, विचारलं. म्हणाली, बघूया. मी तिला दोष देत नाही. तिच्या अंगणातून तरीपर्यंत येताना मला रडू आलं, हे तुम्हाला सांगते, दादांना कळवू नका. आता माझं एक ऐका. मला पत्र लिहून क्षमा मागू नका. तिला लिहा. तिच्या नावाने, तिच्या घरच्या पत्त्यावर. आणि सूचना एकही नको.

रुक्मिणी वहिनी

---

ओरोस,
४ फेब्रुवारी १९८८

सौ. जानकीबाई यांस गुरुदासचा नमस्कार.

आपण एकदाच भेटलो, दिवाळीत, मोरीपाशी. तेव्हाही मी तुमच्याशी बोललो नाही, पिंपाशी बोललो.

तुम्ही माझ्या पत्राप्रमाणे काम केलंत. चूक पत्रात होती. लोक आजारी पडले ते टोपाची कल्हई गेल्यामुळे, आणि ती जाईल हे न समजता मी घासायला सांगितलं. पुढे काहीही न तपासता तुमच्या हातांना दोष दिला. त्याबद्दल मला माफ करा. काल मी मालवणला येऊन शिबिराच्या मुख्याध्यापकांना आणि शिबिराला आलेल्या शिक्षकांना त्यांच्या शाळेत उभं राहून हे सांगितलं. माझ्या साहेबांनाही सांगितलं. ते रागावले, आणि ते बरोबरच होतं. तोंडवलीच्या सरपंचांनाही मालवणात गाठून सांगितलं. तुमच्या घरी येण्याचं धैर्य झालं नाही, तरीच्या धक्क्यापर्यंत येऊन परत गेलो.

मला आता सांगायचं काही नाही, विचारायचं आहे. टोप घासताना तुम्हाला काय वाटत होतं? कढी कशात ठेवावी? माझ्या पहिल्या पत्रातलं आणखी काय काय तुम्हाला पटलं नव्हतं? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण दिलंत तर मी ते सांभाळून ठेवीन.

गुरुदास

---

मालवण,
११ फेब्रुवारी १९८८

गुरुदास भावजींका जानकीचो नमस्कार.

तुमचा पत्र गावला. माज्या नावाचा पत्र घराक पयल्यांदाच इला. पोस्टमनान दोनदा इचारल्यान, जानकी ती तूच काय गो म्हणान. घोवाक वाचून दाखवलंय. ते आता परत ओटयेर बसतत. मी चौथी शिकलंय, तेवा अक्षर वाकडातिकडा आसा, समजून घेवा.

वैनींकडे सोमवारपासून परत येतंय. तुमी इचारलास म्हणान सांगतंय. टोप पिवळो झालो तेवा माका वाटला, सोन्याचोच झालो. माज्या हातान कायतरी सोन्यासारख्या झाला म्हणान मी लय खूश हुतंय. घराक जावन घोवाक सांगितलंय पण. ता आठावला की अजून वायट वाटता. बाकी कोणाचो राग नाय.

आता रेती बंद. कल्हईवालो येवन गेलो. टोप आतून राखेन आणि मऊ फडक्यान पुसतंय, बाहेरसून सोडणान. रोज सकाळी उजेडाक धरून आत बघतंय. पिवळो ठिपको दिसलो तर वैनींका हाक मारतलंय, आणि त्यांनी थट्टा केली तरी हलाचंय नाय.

मडक्याचा तुमी लिवलास ता खरा आसा. त्याका वास येता, धुवन जाणा नाय. ता माज्या घराक पाण्याक ऱ्हवांदे. कढी आता लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत करतंव. साबणाचा आणि फडक्याचा माका पटलेला, घराक पण तसाच करतंय. हौसाबाईक पण पटलेला आसा, पण ती सांगाची नाय.

तुमचा पयला पत्र भिंतीर अजून आसा. वैनी काढूया म्हणत हुती, मी नको म्हटलंय. त्याच्या बाजूक हे दुसरा लावलंय, तुमी इचारलास ता.

शिवरात्रीक कुणकेश्वराच्या जत्रेक जातलास तेवा हय उतरा. मागच्यासारखे तरीकडसून परत जाव नको, घराक पण येवा. जेवक बसलास की कढी खंयच्या भांड्यात आसा ता आधी माका इचारा. इचारल्याशिवाय वाढूचंय नाय.

जानकी